ए विंगची लिफ्ट आणि रविवारची स्पर्धा

परब काकू (ए-५०४): सुप्रभात. आजही लिफ्टमध्ये लीद आणि गवत. फोटो टाकला आहे. देवळात निघाले होते, पाय त्यातच पडला. नाव घेत नाही, पण कोणाची मुलं बूट तसेच घालून वर जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

शिंदे सेक्रेटरी: काकू, नोंद घेतली. संबंधित पालकांनी कृपया लक्ष द्यावे 🙏

कदम काका (सी-१०१): लीद सुकवून कुंडीत घाला, गुलाबाला एक नंबर!

परब काकू: तुमच्या विंगमध्ये पडू दे, मग गुलाबाचं बोलू.

नेहा देशपांडे (ए-११०२): काकू, उद्यापासून मुलं बूट गेटवरच काढून पिशवीत घालतील. आज लिफ्ट मी पुसून घेते. याच विषयावर एक विचारू का? रविवारी मुलांच्या घोडेस्वारी टीमची स्पर्धा आहे. बुधवारी उडीच्या आधी घोडा अडला आणि आर्या पुढून खाली आली. कोपर सोलवटलंय. तिला उतरवायचं की नाही, काही सुचत नाहीये.

आठल्ये (बी-३०१): हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. गेल्या मीटिंगमध्ये ठरलं होतं.

साळवी (ए-७०३): आठल्ये साहेब, तुमच्या भाच्याच्या लग्नाचा हॉल इथेच विचारला होता ना? पोरगी पडली आहे, विचारू द्या.

साळवी: नेहाताई, डोकं आपटलं होतं का? हेल्मेटला दणका बसला असेल तर नवीन घ्या, वरून चीर दिसत नसली तरी. आतला थर एकदा दबला की पुढच्या वेळी वाचवत नाही. आणि डोकेदुखी, उलटी, गुंगी यातलं काहीही असेल तर स्पर्धा विसरा, आधी डॉक्टर.

नेहा: नाही, हातावरच पडली. डोकं लागलं नाही.

साळवी: मग धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आजच बघा. तबेल्यातली माती आणि उघडी जखम, तिथे आळस नको.

कदम काका: आमच्या वेळी व्हिक्टोरिया घोडागाडीच्या मागे लटकून जायचो, कसलं इंजेक्शन!

प्राजक्ता (बी-८०४): काका, २०१५ मध्ये हायकोर्टाने व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्या ते त्या घोड्यांचे हाल बघूनच.

कदम काका: घोडेवाल्यांच्या पोटाचं काय झालं ते कोणी बघितलं?

परब काकू: विषय लिफ्टचा आहे. फोटो परत टाकते, वर गेला.

श्वेता मोरे (ए-९०३): चौघांपैकी तिघांचेच मार्क धरतात ना? मग आर्याला विश्रांती देऊन तिघं खेळले तरी चालेल. नाहीतर आमचा विहान आहेच. गेल्या वेळीही तो राखीवच बसला होता, आम्ही काही बोललो नाही.

नेहा: श्वेता, निवड मी करत नाही.

श्वेता मोरे: मी कुठे म्हटलं तू करतेस?

साळवी: श्वेताताई, तिघंच उतरले तर तिघांचंही सगळं मोजलं जातं. दांडी पडली की दंडाचे ४ गुण, घोडा अडला की ४, स्वार पडला तर तो बादच, आणि मग टीमच संपली. चौथा असला की सगळ्यात वाईट फेरी सोडून देता येते. २०२३ ला हांगझोउच्या एशियाडमध्ये ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारात, आपलं टीम गोल्ड आलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी. अनुष अगरवाला, आपल्या मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंग, या तिघांचे मिळून २०९.२०५ मार्क. सुदीप्ती हजेलाचे ६६.७०६ धरले गेले नाहीत, पण गोल्ड तिच्याही गळ्यात पडलं. चौथ्याला कमी लेखू नका, मग ती आर्या असो की विहान.

आठल्ये: हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत. मेंटेनन्स थकवायचा आणि घोड्यावर खर्च करायचा.

नेहा: आमचा एक रुपया थकलेला नाही. शिंदे साहेब, यादी टाका.

शिंदे सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका टाळावी 🙏 यादी नोटीस बोर्डावर आहे.

साळवी: खर्च आहेच, कोण नाही म्हणतंय? पण पोरं तिथे काय करतात ते एकदा येऊन बघा. स्वार होण्याआधी आर्या स्वतः खरारा करते. मग घोड्याच्या पायाला खांदा लावून खूर उचलून धरते आणि आकडीने नालेच्या आतली माती, खडे टाचेकडून टोकाकडे काढते. मधला मऊ भाग दुखावू नये म्हणून हात किती हलका! चार-साडेचारशे किलोचं जनावर, आणि ते तिच्यासाठी पाय उचलून देतं. घरी पाण्याचा ग्लास जागेवर न ठेवणारी मुलं ही.

कदम काका: हे मात्र खरं. विहान परवा जिन्यात मला नाल दाखवत होता, कुठून कशी झिजते ते.

परब काकू: लिफ्ट???

प्राजक्ता: काकू, नेहाने स्वतः पुसली, मी आत्ताच बघून आले.

परब काकू: कोपऱ्यात गवत आहे अजून.

नेहा: डॉक्टरकडे जाऊन आले. हाड ठीक आहे, इंजेक्शन दिलं. आर्या म्हणते, मी उतरणार. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

साळवी: भीती वाटणारच. शनिवारी तिला जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून नेऊ दे, मग बुटकी उडी, त्याच घोड्यावर. तो दोनदा मोकळेपणाने गेला की तिचाही जीव भांड्यात पडेल. पोरं उडीच्या तोंडाशी खाली बघतात, वजन पुढे जातं आणि घोडा बिचकतो. नजर पुढच्या अडथळ्यावर हवी. शनिवारी तिचं मन तयार नसेल तर विहान उतरेल. हे आज दोघांनाही सांगा, आयत्या वेळी नको.

श्वेता मोरे: विहानला सांगते. नेहा, त्याचं छातीचं जाड जॅकेट आहे, आता त्याला आखूड होतं. आर्याला बसेल. संध्याकाळी घेऊन जा, मी घरीच आहे.

नेहा: सातला येते 🙏

आठल्ये: रविवारी पहाटे मुलांच्या व्हॅनने गेटवर हॉर्न वाजवू नये. आत्ताच सांगून ठेवतो.