वर्ग काढण्याआधी वस्तीतलं चालू काम बघा

वस्तीतली बेकारी कमी करायला शिवणयंत्रं वाटावीत, संगणकाचे वर्ग काढावेत असं बरेचदा सुचवलं जातं. वर्गांना माझा विरोध नाही, पण लोक आज कशावर पोट भरतात ते आधी बघायला हवं.

पुण्याचंच घ्या. कचरा वेचणाऱ्या बायका दिवसभर कुंड्या उपसायच्या, भंगारवाला देईल तो भाव घ्यायच्या, वर चोरीचा आळ यायचा तो वेगळाच. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या, तेव्हा बायकांची मागणी साधी होती: सुका कचरा वेगळा आणि थेट मिळू दे. त्यातून १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. ओळखपत्रं मिळाली. २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला. आता दारात जाऊन ओला-सुका कचरा घ्यायचा, त्याचं दरमहा शुल्क मिळतं आणि पुठ्ठा, बाटल्या, प्लास्टिक विकून आलेले पैसेही त्यांचेच.

सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. कराराची मुदत संपत आली की जीव टांगणीला लागतो, शुल्क द्यायला लोक खळखळ करतात. आणि या बायकांच्या शिकलेल्या मुलांना हे काम नको असतं, ते रास्तच आहे. त्यांच्यासाठी वर्ग जरूर काढा, फक्त कुठली नोकरी मिळणार हे मालकाशी बोलून आधी ठरवा.