‘अब्राकडब्रा’ या जादूच्या शब्दाचा अर्थ सगळे छातीठोकपणे सांगतात, पुरावा कुठे आहे?

अक्षरवेडा: ‘अब्राकडब्रा म्हणजे अरामाइक भाषेत “मी बोलतो तसे घडते”’ हा संदेश आज चौथ्यांदा आला, म्हणून लिहितोय. हा शब्द पहिल्यांदा सापडतो सेरेनस सॅमोनिकस या प्राचीन रोमन लेखकाच्या लॅटिन वैद्यकीय काव्यात, तोही तापावरचा उपाय म्हणून. लॅटिन लिपीत अकरा अक्षरी असलेला हा शब्द (ABRACADABRA) लिहायचा, दर ओळीला शेवटचे अक्षर गाळायचे, एकच ‘ए’ उरेपर्यंत, म्हणजे त्रिकोण तयार होतो. मग ते गळ्यात बांधायचे. अक्षरे झिजतात तसा ताप झिजावा, ही कल्पना. अर्थ त्याने दिलेलाच नाही. आणि जिथे काहीतरी नाहीसे करायचे आहे, तिथे ‘घडते’ कशाला म्हणतील?

जुनीवही: पण हे घटवत नेणे यहुदी परंपरेतही आहे. तालमूद या बऱ्याच अंशी अरामाइकमधल्या यहुदी ग्रंथात आंधळेपणाच्या भुताला पळवायला ‘शब्रीरी, ब्रीरी, रीरी, ईरी, री’ म्हणतात. मग अरामाइक मूळ एका फटक्यात का उडवता?

अक्षरवेडा: त्याने पद्धत सिद्ध होते, शब्दाचा अर्थ नाही.

मूळशोधक: जुन्या ताईतांवर कोरलेले अब्राक्सस हे गूढ नाव विसरलात! ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षराला अंक असतो; या नावातल्या अंकांची बेरीज ३६५, वर्षाचे दिवस.

अक्षरवेडा: बेरीज बरोबर आहे. पण अब्राक्ससचा अब्राकडब्रा कसा झाला, ते दाखवा. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर कशालाही काहीही जोडता येते, याचाच मला संताप आहे.

मूळशोधक: म्हणजे तुम्हाला काहीच पटणार नाही.

रात्रपाळी: अर्थाचे राहू द्या, ताप कसा उतरायचा ते सांगते. सतरा वर्षांची असताना मला हिवताप झाला. मावशीने मंत्राची चिठ्ठी गळ्यात बांधली. दुसऱ्या दिवशी ताप नाही, घरभर आनंद. तिसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला हुडहुडी भरली! हा ताप एक दिवसाआडच येतो, चिठ्ठी बांधा नाहीतर न बांधा. माझ्या गोळ्या तेवढ्यात लांबल्या. रोमन रोग्यांचेही असेच झाले असणार.

जुनीवही: तेव्हा गोळ्या होत्या कुठे? इंग्रज लेखक डॅनियल डेफोने १७२२ मध्ये लिहिलंय, १६६५ च्या लंडनच्या प्लेगात लोक हाच त्रिकोण वापरत होते. हाताशी दुसरे काही नसताना माणूस धीर शोधणारच. माझी आई शेवटच्या आजारात गळ्यातला दोरा मुठीत धरूनच झोपायची. तुमच्या मावशीनेही मायेनेच बांधली ना?

रात्रपाळी: मावशीला मध्ये आणू नका. तिच्या मायेबद्दल मी एक शब्दही बोललेले नाही. चिठ्ठीबद्दल बोलते आहे, आणि पुन्हा बोलेन. तुमच्या आईला झोप लागायची, तेवढे मान्य. ताप उतरायचा का?

जुनीवही: नाही उतरायचा.

अक्षरवेडा: शब्रीरीचा दाखला मला माहीत नव्हता, तो वहीत टिपून ठेवला. पण ‘मी बोलतो तसे घडते’ असे लिहिलेले एक तरी जुने पान दाखवा, मग पुढे बोलू.