बागकामात सोबतीला यंत्रमानव: मनःस्थितीतला फरक नेमका कशाचा?

मृद्गंध:
नमस्कार. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात माझ्या पदव्युत्तर प्रबंधासाठी छोटा प्रयोग सुरू आहे. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांशेजारी आम्ही एक बोलका यंत्रमानव ठेवतो. तो मराठीत गप्पा मारतो, पाणी घातले का ते विचारतो. आजी-आजोबा आठवड्यातून दोनदा अर्धा तास खुरपणी करतात आणि कामाच्या आधी व नंतर मनःस्थितीची प्रश्नावली भरतात. तीन आठवड्यांत बहुतेकांचे गुण कामानंतर वाढलेले दिसले. ही वाढ यंत्रमानवामुळे झाली असे म्हणता येईल का? नसेल, तर प्रयोगाच्या रचनेत काय बदलावे?

अनुमान:
सध्याच्या रचनेवरून तसे म्हणता येणार नाही, कारण नुसत्या बागकामानेही मन हलके होते. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात (२०११) बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असे काम दिले आणि मग काहींना ३० मिनिटे बागेत, तर काहींना घरात वाचत बसवले. कॉर्टिसॉल (ताण आला की शरीरात वाढणारे संप्रेरक) दोन्ही गटांत उतरले, पण बागेतल्या गटात अधिक. शिवाय त्यांची प्रसन्नता पूर्ववत झाली, तर वाचणाऱ्यांची आणखी घटली. तिथे यंत्रमानव नव्हताच.

तुलना कशी असावी, याचा उत्तम नमुना ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मिळतो. तिथल्या २८ निवासी संस्थांमधल्या, स्मृतिभ्रंश असलेल्या ४१५ वृद्धांपैकी काहींना ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा जपानी यंत्रमानव दिला, काहींना यंत्रणा बंद केलेला तोच पारो, तर काहींची फक्त नेहमीची देखभाल सुरू ठेवली. चालू पारोजवळची माणसे बंद पारोजवळच्यांपेक्षा अधिक बोलती झाली, पण बंद पारोही अगदीच निष्प्रभ ठरला नाही. म्हणून आपणही काही दिवस यंत्रमानव बोलता, काही दिवस मुका आणि काही दिवस अजिबात नाही, असे तीन प्रकार ठेवावेत, प्रत्येकाने तिन्ही अनुभवावेत आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर काय उरते हे पाहायचे असेल, तर तीन आठवडे फार थोडे आहेत.

वाफा-वेल:
मी एका वृद्धाश्रमात बरीच वर्षे स्वयंसेविका म्हणून बागकाम घेते, त्यामुळे मला काळजी वाटते ती प्रश्नावलीची. १९८८ सालची, १० सुखद आणि १० दुःखद भावनांच्या शब्दांना १ ते ५ गुण द्यायची प्रश्नावली वापरत असाल, तर तिचे मराठी शब्द आधी तिथल्याच दोन-चार जणांना वाचून दाखवा. ‘उत्तेजित’ या शब्दाला आमच्याकडच्या एक आजी कितीही समजावले तरी गुण देईनात, आणि ‘आज कसं वाटतंय?’ याचे त्यांचे उत्तर बारा महिने ‘बरं आहे’ हेच असे. परंतु वाफ्यावर त्यांच्याकडे पाहिले की कळे: मन लागले नसेल, तर झारी भरलेली तशीच बाजूला राहायची, लागले असेल, तर खुरपे हातात धरून त्या शेजारच्या बाईंना माहेरच्या परसातले सांगायच्या. कोण किती वेळ आपणहून बोलले, कोण वेळ संपल्यावरही वाफ्यावर थांबले, हे कोणीतरी बाजूला बसून टिपले पाहिजे. आणि त्या दिवशी यंत्रमानव कोणत्या प्रकारात आहे हे दुरून ओळखता येणार असल्याने, नोंदीचे निकष आधीच लिहून ठेवले पाहिजेत.

मृद्गंध:
दोघांचेही मनापासून आभार. मुक्या यंत्रमानवाचा प्रकार मला सुचलाच नव्हता. प्रश्नावली इंग्रजीवरून मीच भाषांतरित केली आहे. ती उद्या आजींना वाचून दाखवते. मात्र तिसऱ्या आठवड्यात मेथीची पहिली जुडी निघाली, त्या दिवशी सगळ्यांचेच गुण वर गेले होते. ते कसे हाताळावे?

अनुमान:
पेरणी, विरळणी, काढणी यांपैकी काय झाले ते रोजच्या नोंदीत लिहा आणि वाफे आठवडाभराच्या अंतराने पेरा, म्हणजे काढणीचे दिवस तिन्ही प्रकारांत विखुरतील.