तिहेरी पंपाने मृत्यू कमी होतात, की स्टेरॉइड एकदम तोडल्याने वाढतात?

अनुलोम

सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या आकसण्याच्या फुप्फुसविकाराच्या) रुग्णाला श्वासनळ्या रुंदावणारी दोन औषधं आणि स्टेरॉइड अशी तिन्ही एकाच पंपातून दिली तर मृत्यूचं प्रमाण घटतं, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. आधार दोन चाचण्यांचा: २०१८ ची इम्पॅक्ट आणि २०२० ची इथॉस. झटके (त्रास एकाएकी वाढण्याचे प्रसंग) कमी होतात, हे मला मान्य आहे. मृत्यूचा दावा मात्र या चाचण्यांच्या आखणीवर टिकत नाही, असं माझं मत आहे.

इम्पॅक्टमध्ये १०,३५५ रुग्ण होते आणि मुदत ५२ आठवड्यांची होती. पहिल्या गटाला तिहेरी पंप, दुसऱ्याला स्टेरॉइड आणि एक रुंदावक, तिसऱ्याला स्टेरॉइडविना दोन रुंदावक. चाचणीत आलेल्या दहांपैकी साधारण सात जण आधीपासून श्वासातून स्टेरॉइड घेत होते. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी आपापली जुनी औषधं चालू ठेवली. मग चिठ्ठी निघाली आणि तिसऱ्या गटात गेलेल्यांचं स्टेरॉइड त्याच दिवशी बंद झालं. मात्रा उतरवत आणणं नाही, मध्ये उसंत नाही. इथॉसमध्ये तर सुमारे ८० टक्के रुग्ण आधीच स्टेरॉइडवर होते.

म्हणजे तुलना 'स्टेरॉइड दिलं' आणि 'दिलं नाही' अशी झालीच नाही. ती 'चालू ठेवलं' आणि 'एकदम तोडलं' अशी झाली. इम्पॅक्टचेच आकडे वेगळे काढून पाहा. आधी स्टेरॉइडवर असलेल्यांत तिहेरी पंपाने दोन रुंदावकांच्या तुलनेत झटके २९ टक्क्यांनी घटले. आधी स्टेरॉइड न घेणाऱ्यांत ही घट १२ टक्के आणि पी-मूल्य ०.११५ (०.०५ च्या खाली असेल तरच फरक खरा धरतात). ती योगायोगानेही दिसू शकते.

याउलट २०१४ ची विज्डम चाचणी पाहा. २,४८५ रुग्णांना सहा आठवडे तिन्ही औषधांवर स्थिर केलं. मग निम्म्यांचं फ्लुटिकासोन (श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड) दिवसाला १००० मायक्रोग्रॅमवरून ५००, मग २००, मग शून्य असं सहा-सहा आठवड्यांच्या पायऱ्यांनी उतरवलं. झटक्यांचा धोका १.०६ पट, म्हणजे आधी ठरवलेल्या १.२० च्या मर्यादेत. वर्षअखेर पहिल्या सेकंदातला उच्छ्वास त्या गटात ४३ मिलीलिटरने कमी भरला. हा तोटा खरा आहे, पण लहान आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनेही ऑगस्ट २०२० मध्ये इम्पॅक्टच्या मृत्यूच्या दाव्याविरुद्ध १४ विरुद्ध १ असा कौल दिला.

कृत्तिका

असहमत. 'तोडल्याचा फटका' पहिल्या काही आठवड्यांत बसतो ना? मग पहिले ३० दिवस वगळून हिशोब केला तेव्हा काय झालं, तेही सांगायला हवं होतं. दोन रुंदावकांच्या तुलनेत झटके तरीही १९ टक्क्यांनी कमी राहिले. सगळा परिणाम तोडण्याचाच असता तर ही घट इतकी उरली नसती.

दुसरं, रक्तातल्या इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तसा फरक कसा वाढतो ते पाहा. दर मायक्रोलिटरला १५० पेक्षा कमी पेशी असलेल्यांत तिहेरी पंपावर वर्षाला ०.८५ झटके आणि दोन रुंदावकांवर ०.९७. हा फरक किरकोळ आहे. १५० आणि त्यावर मात्र ०.९५ आणि १.३९! स्टेरॉइड जिथे लागू पडायला हवं तिथेच लागू पडतंय. त्यात २०२३ ची बोरियास धरा. ३०० च्या वर इओसिनोफिल आणि तिहेरी उपचार चालू असूनही झटके येणारे ९३९ रुग्ण, त्यांना डुपिलुमॅब (ही सूज दाबणारं इंजेक्शन) दिल्यावर झटके ३० टक्क्यांनी घटले. या रुग्णांमध्ये विशिष्ट जातीची सूज आहे आणि ती दाबली की फायदा होतो, हे आता दोन वेगवेगळ्या औषधांनी दिसलंय.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट: बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस इम्पॅक्टमधल्या माणसासारखाच असतो. तो आधीपासून स्टेरॉइडवर असतो आणि गेल्या वर्षी त्याला एकदा तरी झटका आलेला असतो. त्याचं स्टेरॉइड काढलं तर काय होईल, हाच आपला रोजचा प्रश्न आहे. चाचणीने त्याचंच उत्तर दिलंय.

दशांश

कृत्तिका, इओसिनोफिलचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागू होतो. विज्डमच्या नंतरच्या विश्लेषणात ३०० आणि त्यावर पेशी असलेल्यांनाच स्टेरॉइड काढल्यावर जास्त झटके आले. २०१८ च्या सनसेटमध्येही तेच दिसलं, आणि तिथे तर वारंवार झटके येणारे रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणजे 'दिल्याचा फायदा' असो वा 'तोडल्याचा तोटा', पेशींनुसार फरक तसाच दिसणार. त्यावरून दोन्हींत निवाडा होत नाही.

आता मृत्यूंचा हिशोब मांडतो. इम्पॅक्टमध्ये मृत्यू हा मुख्य निकष नव्हता. मुख्य निकष वर्षभरातले झटके होते. तिहेरी गटात ४,१५१ पैकी ९८ मृत्यू, म्हणजे २.३६ टक्के. दोन रुंदावकांच्या गटात २,०७० पैकी ६६, म्हणजे ३.१९ टक्के. धोक्याचं गुणोत्तर ०.७२ आणि विश्वासमर्यादा ०.५३ ते ०.९९. १ म्हणजे फरक नाही, आणि वरचं टोक १ ला जवळजवळ टेकलंय. दोन-चार मृत्यू इकडचे तिकडे झाले असते तर निष्कर्ष फिरला असता.

टक्क्यांतला फरक ०.८३, म्हणजे एक मृत्यू टाळायला साधारण १२० जणांना वर्षभर औषध द्यावं लागेल. त्याच चाचणीत न्यूमोनिया तिहेरी गटात ८ टक्के आणि स्टेरॉइडविना गटात ५ टक्के. म्हणजे ३३ जणांमागे एक जादा न्यूमोनिया. हे दोन आकडे एकाच वाक्यात सांगितले पाहिजेत. पहिला सांगून दुसरा गाळणं रुग्णावर अन्याय आहे.

मृत्यूचा प्रश्न खरंच सोडवायचा असेल तर किती मोठी चाचणी लागेल? धोका पाऊण पट होतो असं धरलं, ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि दोन समान गट घेतले, तर सुमारे ३८० मृत्यूंची नोंद व्हावी लागते. वरच्या दोन गटांत मिळून १६४ होते. वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास मृत्यू धरले तर एका वर्षासाठी पंधरा हजार रुग्ण, तीन वर्षांसाठी पाच हजार. २००७ ची टॉर्च याच वाटेने गेली होती: ६,११२ रुग्ण, तीन वर्षं, आणि पी-मूल्य ०.०५२. तिथे प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ पंप) गटातल्या ४४ टक्क्यांनी औषध मध्येच सोडलं होतं. लांब चाचणीची हीच अडचण आहे. त्रास वाढलेला माणूस प्लासिबोवर थांबत नाही आणि दोन गटांतला फरक पुसट होत जातो. म्हणून औषध सोडलेला रुग्णही शेवटपर्यंत शोधून तो हयात आहे की नाही याची नोंद करावी लागते. इम्पॅक्टने ती नंतर जवळजवळ सगळ्यांची मिळवली, हे तिचं मोठं काम आहे.

मात्रा

तुमच्या वादात पंप कोणता हा मुद्दा राहून गेला. इम्पॅक्टमध्ये तिन्ही गटांकडे एकाच बनावटीचा कोरड्या भुकटीचा पंप होता आणि दिवसातून एकदाच ओढायचा होता. त्यामुळे गटांची आपसातली तुलना नीट आहे. पण बाहेर 'तिहेरी पंप देऊनही फरक नाही' असं दिसलं की औषधाआधी हात तपासा. या पंपाचं झाकण पूर्ण सरकवून टक् आवाज आला की मात्रा तयार होते. न ओढता झाकण लावलं तर ती मात्रा वाया जाते, पंपावरचा उरलेल्या मात्रांचा आकडा मात्र एकने उतरतो. म्हणजे आकडा बघून 'रोज घेतोय' असं धरता येत नाही. बाजूच्या हवेच्या फटीवर बोट आलं की ओढ कमी पडते. आणि तोंडाला लावून आधी आत फुंकर मारली की भुकटी ओलावते.

इथॉसमधला पंप फवाऱ्याचा, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फवारे. तो हलवावा लागतो आणि दाबणं व ओढणं एकाच वेळी जमावं लागतं. ते जमत नसेल तर मध्ये स्पेसर (फवारा धरून ठेवणारी नळी) लावा. दोन्हींनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी येते आणि रुग्ण आपणहून औषध बंद करतो. घरच्या घरी झालेलं हे तोडणं चाचणीच्या आकड्यांत दिसत नाही.

अनुलोम

मात्रा, हा मुद्दा खरंच राहून गेला होता, आभार.

कृत्तिका, रोजचा प्रश्न हाच आहे हे मान्य. पण मग चाचणीतून निघणारं वाक्य 'चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडू नका' एवढंच आहे. त्याऐवजी 'सगळ्यांना तिहेरी पंप सुरू करा' असं ऐकायला मिळतं आणि कधीच झटका न आलेला, १०० च्या खाली इओसिनोफिल असलेला माणूसही स्टेरॉइडवर जातो. त्याच्या वाट्याला न्यूमोनियाचा धोका तेवढा येतो. नवी चाचणी करायची तर आधी स्टेरॉइड कधीच न घेतलेले रुग्ण घ्यावेत. ते पुरेसे मिळाले नाहीत तर विज्डमसारख्या पायऱ्यांनी स्टेरॉइड उतरवून, दोन रुंदावकांवर काही आठवडे स्थिर करून मगच चिठ्ठी काढावी. दम्याचा जुना इतिहास असलेले सुरुवातीलाच गाळावेत. इम्पॅक्टमध्ये सध्याचा दमा वगळला होता, पूर्वीचा नाही.

कृत्तिका

पायऱ्यांनी उतरवायचं म्हटलं तर एक अडचण लक्षात घ्या. एकाच पंपात तिन्ही औषधं असताना स्टेरॉइड एकटं कमी करता येत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचा वेगळा पंप आणि रुंदावकांचा वेगळा, असं काही महिन्यांसाठी फोडावं लागतं. आणि निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा तो नीट हवा. झटक्यासाठी प्रेडनिसोलोनच्या (पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या) गोळ्या चालू असताना इओसिनोफिल खाली जातात आणि ४०० चा माणूस ५० चा दिसतो. गोळ्या संपल्यावर काही आठवडे थांबून, प्रकृती स्थिर असताना रक्त घ्या आणि एका तपासणीवर विसंबू नका.

१०० च्या खाली आणि वारंवार न्यूमोनिया असेल तर स्टेरॉइड काढायला माझी हरकत नाही. ३०० च्या वर असेल तर हात लावू नका, यावर बहुधा आपलं एकमत आहे. मधल्या पट्ट्यात मात्र माझं मत बदललेलं नाही: वर्षात दोन झटके येऊन गेले असतील तर मी ते चालूच ठेवेन.