दुसऱ्याचा कर्व्ह तसाच टाकू नका
एमजीबीला (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ब्लूटूथवाला १२३ डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वेळ फोनवरून ठरवता येणारा इलेक्ट्रॉनिक) बसवून कुणाचा तरी तयार कर्व्ह (कोणत्या आरपीएमला ठिणगी किती अंश आधी पडेल, तो तक्ता) टाकला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. बसवा जरूर, जुन्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), झिजलेली वजनं, सैल स्प्रिंगा, सगळी कटकट संपते. आधी अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, या डिस्ट्रिब्युटरला निगेटिव्ह लागतं.

उसना कर्व्ह मात्र नको. कॉम्प्रेशन, कॅम, पेट्रोल, सगळंच वेगळं असतं. फुल थ्रॉटलला ठिणगी एकूण ३० अंश आधी, त्याच्या आसपास सुरुवात करा. चढावर टॉप गिअरमध्ये कान देऊन ऐका. इंजिनातून खडखड (नॉकिंग) आली की त्याच आरपीएमला दोन अंश कमी करा. आणि हो, अ‍ॅपमधला आकडा टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारून पुलीवरच्या खुणेशी ताडून बघाच. डिस्ट्रिब्युटर जरा फिरून बसला तरी फोनवर आकडा तोच दिसतो.