हळदीचे डाग साबणाने लाल का होतात, आणि ब्लीच न वापरता ते कसे काढावेत?

शेवंती:
नमस्कार. आमच्याकडे नुकतेच भाच्याचे लग्न झाले. हळदीच्या दिवशी तेल-हळद लावताना त्याच्या पांढऱ्या सुती सदऱ्यावर आणि माझ्या सासूबाईंच्या मोतिया रंगाच्या, जरीकाठी रेशमी लुगड्यावर मोठे डाग पडले. धुणे करणाऱ्या मावशींनी सदरा साबणाच्या वडीने घासला, तेव्हा पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. खळबळून काढल्यावर तो पुन्हा पिवळा दिसू लागला, पण निघाला मात्र नाही. लुगड्याला अजून पाणीही लावलेले नाही.

आमच्या मोरीचे पाणी परसातल्या अळू, कर्दळ आणि केळीला जाते, त्यामुळे ब्लीच किंवा तत्सम तीव्र रसायन मला वापरायचे नाही. घरगुती उपाय शोधले तर लिंबू, सोडा, मीठ, व्हिनेगर अशी परस्परांशी न जुळणारी यादी हाती येते. सुती आणि रेशमी कापडासाठी नेमके काय करावे, आणि ते पाणी झाडांना चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अनुस्वार:
शेवंतीताई, डाग लाल झाला म्हणजे बिघडला असे नाही. हळदीतले कुर्कुमिन हे रंगद्रव्य आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळे असते, आणि सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) साधारण 8 च्या वर गेला की लाल होऊ लागते. धुण्याचा साबण आणि धुण्याचा सोडा दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे हा बदल होतो. हळदीपासून कुंकू करताना चुना किंवा टाकणखार वापरतात, तोही याच गुणाच्या आधाराने. म्हणून डागावर लिंबू पिळल्यावर लाल रंग नाहीसा होऊन लगेच पिवळा येतो, तेव्हा डाग निम्मा गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रंगद्रव्य होते तेथेच असते.

कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. लग्नातली हळद तेलात कालवलेली असल्यामुळे तुमच्या सदऱ्यावर एकाच जागी दोन डाग आहेत, एक तेलाचा आणि दुसरा रंगाचा, आणि तेल निघाल्याशिवाय रंगाला हात लावण्यात अर्थ नाही. सदरा पूर्ण वाळवून डागावर मुलतानी मातीची कोरडी पूड जाडसर पसरावी, रात्रभर ठेवावी आणि सकाळी झटकावी. त्यानंतर रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, डागाची जागा दोन्ही हातांत धरून कापडावर कापड चोळावे. ब्रशने घासू नये.

रिठ्याचे पाणी करताना एक लिटर पाण्यात आठ-दहा रिठे रात्रभर भिजत घालावेत, बिया काढून टाकून साले त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळावीत, निवल्यावर कुस्करून फडक्याने गाळून घ्यावे. हे पाणी फार टिकत नाही, एक-दोन दिवसांत आंबते. त्याचा रंग तपकिरी असतो, त्यामुळे पांढरे कापड नंतर दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढावे.

आता मुख्य उपाय, आणि तो फुकट आहे: ऊन. प्रकाशात कुर्कुमिनचा रेणू तुटतो आणि त्याचा रंगच नाहीसा होतो. सदरा ओला असतानाच डागाची बाजू वर करून कडक उन्हात पसरावा, वाळला की पुन्हा पाणी शिंपडावे. डाग एका दुपारी गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. कपडा रंगीत असता तर हा सल्ला मी इतक्या बिनधास्तपणे दिला नसता, कारण ऊन हळदीबरोबर कापडाचा रंगही उडवते.

गुलबक्षी:
इतका वेळ नसेल तर लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करून डागावर घालावा. भरपूर फेस येतो आणि मळ वर उचलला जातो. आमच्याकडे बहुतेक डागांवर हाच उपाय करतात.

अनुस्वार:
गुलबक्षी, तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि तो निघून गेल्यावर भांड्यात उरते ते बहुतांशी सोडियम सायट्रेटचे पाणी. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, म्हणजे लिंबूही वाया जाते आणि सोडाही. ज्या डागाला आम्ल हवे त्याला नुसते लिंबू लावावे, ज्याला अल्कली हवी त्याला नुसता सोडा.

आम्ल हवे असलेला डाग म्हणजे लोखंडाच्या गंजाचा. लिंबाचा रस आणि मीठ लावून कापड उन्हात ठेवले की गंज विरघळतो. जांभळाच्या डागावरही आधी लिंबूच हवे. त्यातली रंगद्रव्ये आम्लात लालसर होऊन पाण्याबरोबर निघतात, आणि साबण लागला की निळसर-काळपट होऊन बसतात. रक्ताच्या डागाला मात्र यातले काहीच नको, लगेच थंड पाणी हवे; गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठून धाग्यात पक्की होतात.

एक सावधगिरीची सूचना सर्वांसाठी. ज्या कपड्याला आधी ब्लीच लावले आहे त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर कधीही घालू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो घातक ठरू शकतो. तसेच लिंबाचा रस हाताला लागलेला असताना उन्हात काम केल्यास काही जणांच्या त्वचेवर फोड येऊन काळे चट्टे पडतात, तेव्हा हात धुऊनच कपडे वाळत घालावेत.

काठपदर:
वरचे विवेचन सुती कापडासाठी योग्य आहे, परंतु त्यातले निम्मे लुगड्याला लागू करू नये. रेशीम हा प्रथिनांचा धागा आहे. धुण्याच्या सोड्याने तो निस्तेज आणि ठिसूळ होतो, आणि क्लोरीनच्या ब्लीचमध्ये तर अक्षरशः विरघळतो. लिंबू आणि व्हिनेगर रेशमाला तितके मारक नसले तरी जरीच्या जवळ नेऊ नयेत, कारण जरीतल्या चांदीची किंवा तांब्याची चमक आम्लाने जाते, आणि काठ एकदा काळवंडला की तो उजळणे डाग काढण्यापेक्षा अवघड असते.

लुगड्याला पाणी लावले नाही हे उत्तम झाले. वाळलेली हळद आधी बोथट चमच्याच्या कडेने अलगद खरवडून काढावी. मग डागाखाली आणि डागावर मुलतानी मातीची पूड ठेवून तेल शोषून घ्यावे. पूड पिवळी दिसू लागली की झटकून नवी घालावी. रिठ्याचे पाणी पूर्ण गार करून, आधी निरीच्या आतल्या टोकाला लावून रंग सुटतो का ते पाहावे. सुटत नसेल तर डागाखाली जुना पांढरा पंचा दुमडून ठेवावा आणि वरून रिठ्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपत जावे. डागाच्या कडेपासून मध्याकडे यावे, म्हणजे तो पसरत नाही. चोळणे आणि पिळणे दोन्ही टाळावे.

उन्हाविषयी माझा थोडा मतभेद आहे. सूर्यप्रकाशाने रेशीम पिवळे पडते आणि कमकुवत होते, म्हणून संपूर्ण लुगडे दुपारच्या उन्हात पसरणे मला मान्य नाही. फक्त डागाची जागा उघडी ठेवून बाकीचा भाग पांढऱ्या चादरीने झाकावा, सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ द्यावे आणि रोज प्रगती बघावी. लुगडे जुने असेल आणि निऱ्यांत झाकली जाईल अशी फिकट पिवळी झाक उरली, तर मी तेथेच थांबेन. पूर्ण डाग काढण्याच्या हट्टापायी विरलेली रेशमी वस्त्रे मी पुष्कळ पाहिली आहेत.

लाल माती:
विषय हळदीचा आहे, तरी एक पुरवणी जोडतो, कारण परसात केळ असल्याचा उल्लेख आला आहे. केळीच्या चिकाचा डाग वाळून तपकिरी झाला की रिठा, लिंबू, ऊन यांपैकी कशालाही तो दाद देत नाही. कोकणात केळीचा घड उतरवायला किंवा काजूच्या कामाला जाताना टाकाऊ कपडेच घालतात, यामागे काटकसरीइतकाच अनुभवही आहे. आंब्याचा चीक त्या मानाने बरा. तो राळेसारखा आणि तेलकट असल्यामुळे आधी खोबरेल चोळून मऊ करावा आणि मग ते तेल साबणाने काढावे.

परसदार:
सांडपाण्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिले नाही, म्हणून लिहितो. वनस्पतीपासून किंवा स्वयंपाकघरातून आलेला पदार्थ म्हणजे मातीला निरुपद्रवी, हे गृहीत धरू नये. मीठ, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा या तिघांतही सोडियम असते. ते काळ्या मातीत साचत गेले की मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. नद्यांकाठच्या बागायती पट्ट्यात चोपण जमिनी शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. एका सदऱ्याच्या पाण्याने असे काही होणार नाही, पण रोजच्या धुण्यात सोडा असेल तर ते पाणी वर्षानुवर्षे एकाच अळूच्या वाफ्यात सोडणे बरे नव्हे. चर बदलत राहावे.

रिठ्याचे पाणी कर्दळीला आणि केळीला पातळ करून खुशाल घालावे. मात्र ते विहिरीत, ओढ्यात किंवा मासे असलेल्या हौदात जाऊ देऊ नये. रिठ्यातले सॅपोनिन माशांना विषारी असते, आणि पूर्वी काही ठिकाणी मासे गुंगवून पकडण्यासाठी रिठा वापरत असत.

शेवंती:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सदऱ्याच्या छातीवरचा डाग उन्हाने जवळजवळ गेला आहे. मात्र काजपट्टीच्या शिवणीत आणि गुंड्यांच्या कडेला पिवळेपणा तसाच आहे, तो का जात नसावा? लुगड्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि पूड आतापर्यंत दोनदा बदलली आहे.

अनुस्वार:
काजपट्टीत कापडाचे दोन-तीन थर असतात आणि प्रकाश फक्त वरच्या थरापर्यंत पोहोचतो. शिवणीचा दोरा आणि गुंड्या कृत्रिम असतील तर हळद त्यांना अधिक घट्ट धरून राहते. प्लॅस्टिकच्या डब्यांना लागलेली हळद जशी घासून जात नाही, पण उन्हात ठेवल्यावर फिकट होते, तसेच येथे समजावे. गुंड्या उसवून वेगळ्या उन्हात ठेवाव्यात. पट्टी उलटी करून आतली बाजू वर येईल अशी पसरावी आणि शिवणीवर रिठ्याचे पाणी पुन्हा एकदा लावावे, कारण थरांमध्ये तेल उरलेले असण्याचीच शक्यता अधिक आहे.