रे: रे: मिरवणुकीची शेव्हेल (शेव्हरोलेची जुनी गाडी), कार्बोरेटर कोणता? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: भाऊ, वाहन समिती
मंडळी, गाडी माहीतच आहे. 1970ची, 350 घनइंचाचं इंजिन, टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल 2.73 रेशोचा. आधीच्या मालकाने वर 750 सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा) डबल पंपर, म्हणजे पेट्रोलची पिचकारी मारणारे दोन पंप असलेला कार्बोरेटर, चढवलाय. पाय दिला की आधी गप्प बसते, मग गचका देऊन सुटते. वुडवर्डला, जुन्या गाड्यांच्या फेरीत, निभावलं, पण बाप्पांपुढे पाऊण तास पायी चालीने न्यायची आहे. हाच नीट करून घ्यायचा की दुसरा? ऑर्डर शनिवारी टाकतोय.

प्रेषक: अण्णा
दुसरा. इंजिनाला लागणारी हवा म्हणजे घनइंच गुणिले आरपीएम, भागिले 3456. 350 आणि 5500 घेतले तर 557 येतात. रस्त्यावरचं इंजिन हवेने साधारण 85 टक्केच भरतं, म्हणजे 473 सीएफएम. 600चा पुरून उरतो.
डबल पंपरचे मागचे बॅरल (हवेच्या नळ्या) पेडलला जोडलेल्या लिंकेजने उघडतात, इंजिनाला हवा हवी असो वा नसो. कमी आरपीएमला एवढं भोक उघडलं की व्हेंच्युरीतल्या (बॅरलमधल्या अरुंद भागातल्या) हवेचा वेग पडतो आणि पेट्रोल ओढलंच जात नाही. पंपाची पिचकारी संपली की गाडी कोरडी. जड गाडी, ऑटोमॅटिक, वर 2.73, म्हणजे इंजिन कमी आरपीएमलाच राहतं. मागचे बॅरल हवेच्या मागणीप्रमाणे उघडणारा घ्या: होली 1850 किंवा एडलब्रॉक 1406.

प्रेषक: ताई, ढोल पथक
कोणताही घ्या, पण गेल्या वर्षीसारखा पेट्रोलचा वास नको. पहिल्या रांगेतल्या ताशांचे डोळे चुरचुरत होते.

प्रेषक: अण्णा
ताई, तो वास बहुतेक पॉवर व्हॉल्व्हचा, म्हणजे जोर लागला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेचा. भाऊ, व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला (कार्बोरेटरखालच्या हवेच्या मार्गाला) लावा, ब्रेक दाबून गिअर डी मध्ये टाका, काटा वाचा आणि निम्मा करा. 13 आला तर 6.5चा व्हॉल्व्ह, 9 आला तर 4.5चा. व्हॉल्व्हचा आकडा काट्याच्या आकड्यापेक्षाही मोठा असेल तर तो उभ्या गाडीतही उघडा राहून पेट्रोल ओततो.
मग मिक्स्चरचे स्क्रू हलक्या हाताने बंद करून दीड आटा बाहेर. तिथून पाव-पाव आटा फिरवत काटा सर्वांत वर जाईल तिथे थांबा. आवळून बंद केलेत तर सुईला खाच पडते, मग कितीही फिरवा.

प्रेषक: काका
क्वाड्राजेटचं नाव कुणीच घेत नाही? चार बॅरलच्या 350वर कंपनीने तोच दिला होता. पुढचे बॅरल 1⅜ इंच, मागचे 2¼. पायी चालीला पुढचे दोनच चालतात, लहान आहेत म्हणून मिश्रण चांगलं बनतं. तुमच्या सीएफएमच्या गणितात हे बसत नाही, कारण मागे एअर व्हॉल्व्ह आहे. लागेल तेवढाच उघडतो.

प्रेषक: भाऊ, वाहन समिती
काका, जुन्या क्वाड्राजेटचे तळाचे प्लग गळतात. बाहेर थेंब दिसत नाही, रात्रीत बाउल (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा. एपॉक्सी लावून वाळवत कोण बसणार? आणि सामान ठरवायचं काम समितीकडे आहे, हे एप्रिलच्या बैठकीत झालंय.

प्रेषक: दादा
1406 घेणार असाल तर तीन गोष्टी. पेट्रोल आणणाऱ्या पंपाचं प्रेशर मोजा. साडेसहा पीएसआयच्या वर गेलं तर पेट्रोल अडवणारी नीडल बसत नाही, बाउल भरून वाहतो. चोकची (थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेची) वायर इग्निशन कॉइलवरून घेऊ नका. तिथे रेझिस्टन्स वायरमुळे पूर्ण 12 व्होल्ट येत नाहीत, चोक उशिरा उघडतो, काळा धूर. फ्यूज बॉक्समधून, चावीबरोबर चालू होणारा पॉइंट घ्या.
तिसरं, उष्णता. अ‍ॅल्युमिनियमचा बाउल आणि इथेनॉलचं पेट्रोल, पाऊण तासात आत उकळी फुटेल. खाली फिनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) हवाच. बॉनेट लागेल का, हे बघायला मूर्तीच्या कार्यशाळेतला उरलेला शाडू घ्या. एअर क्लीनरच्या नटावर गोळा ठेवा, बॉनेट अलगद टेकवा, उघडा, चपटा झालेला गोळा मोजा. स्पेसरच्या जाडीवर पाव इंच तरी शिल्लक हवा, इंजिन हलतं.

प्रेषक: ताई, ढोल पथक
शाडू मुलांच्या शिबिरासाठी ठेवलाय. विचारून घ्या.

प्रेषक: काका
स्पेसर, वायर सगळं झालं. खाली मॅनिफोल्ड कोणतं आहे, ते कुणी पाहिलं का? पट्टी लावा. मॅनिफोल्डवर पुढच्या आणि मागच्या बोल्टमध्ये 5³⁄₁₆ इंच असतील तर तुमचं खरं. 4¼ असतील तर ते क्वाड्राजेटचं.

प्रेषक: भाऊ, वाहन समिती
मोजलं. 4¼. मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट आहे, तिचं गास्केट एका कोपऱ्यात आत ओढलं गेलंय. तिथून हवा घेत होती.

प्रेषक: अण्णा
मग अर्धा गचका तिथलाच. आता 600 बसवायचा तर मॅनिफोल्डही बदला, नाहीतर काकांचं ऐका. प्लग बंद करून बांधलेला तयार क्वाड्राजेट घ्या, 70च्या शेव्हरोलेचाच. त्याच्या चोकची कॉइल (उष्णतेने वळणारी पट्टी) मॅनिफोल्डच्या खाचेत असते, ती खाच रिकामी आहे का बघा. बसवल्यावर पेडल पूर्ण दाबून किकडाउनची (खालच्या गिअरमध्ये नेणारी) केबल शेवटपर्यंत ओढली जाते ना, तेही.

प्रेषक: भाऊ, वाहन समिती
खाच आहे, कॉइल नाही, रॉडही नाही. दोन्ही वेगळे मागवतो. काका, शनिवारी सकाळी 10ला या.

प्रेषक: ताई, ढोल पथक
शाडू परत ठेवा. झाकण लावून.